लॅम्डा कुणाच्या हातात? 'हिशेबी दुर्लक्ष' या सिद्धांताची उलटतपासणी

आज ज्या सिद्धांतावर लिहितोय तो मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्याच्यावर टीका बरीच आहे, म्हणून कुणाचा गैरसमज नको. सिद्धांताचं इंग्रजी नाव रॅशनल इनअटेन्शन. मी त्याला 'हिशेबी दुर्लक्ष' म्हणतो. माणसाला सगळ्याच गोष्टींकडे लक्ष देणं जमत नाही. मग कशाकडे लक्ष द्यायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हेसुद्धा तो फायद्यातोट्याचा हिशेब करूनच ठरवतो, असं हा सिद्धांत म्हणतो.

जुन्या अर्थशास्त्रातला माणूस सगळे भाव, सगळे पर्याय जाणून बाजारात शिरायचा. 1955 मध्ये हर्बर्ट सायमन यांनी सांगितलं की असा माणूस नसतो. खरा माणूस 'एवढं बरं आहे, चालेल' इथं थांबतो. 1961 मध्ये जॉर्ज स्टिगलर यांनी भाव शोधत दुकानं हिंडण्याचा खर्च हिशेबात आणला. आणि 2003 मध्ये ख्रिस्तोफर सिम्स यांनी आणखी पुढची गोष्ट मांडली: माहिती समोर फुकट पडलेली असली तरी ती डोक्यात घ्यायला खर्च येतो. पेपर रोज घरात येतो, पण बाजारभावाचं पान वाचायला वेळ आणि डोकं लागतंच ना? (सिम्स यांना 2011 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.)

इथवर माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढे आहे. हा खर्च माणसाच्या डोक्यात असतो, असं धरून सिद्धांत पुढे जातो. तो कुणी वाढवला, कुणी कमी करू शकला असता, हे विचारतच नाही. मग 'शेतकरी लक्षच देत नाहीत', 'लोकांना सांगूनही कळत नाही' अशा वाक्यांना नकळत शास्त्राचा आधार मिळतो. कोल्हापुरात बसून हे तपासायला दोन उत्तम उदाहरणं हाताशी आहेत: ऊस आणि पूर.

लक्ष मोजायचं कसं?

मी मूळचा भौतिकशास्त्राचा एम.एस्सी., त्यामुळे हा भाग मला सगळ्यात गोड वाटतो. 1948 मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजायचं माप दिलं: बिट. सोपं करून सांगतो. समजा मिसळ खायला तुमच्यासमोर आठ ठिकाणं आहेत आणि आज सगळ्यात चांगली कुठली याचा तुम्हाला काहीच अंदाज नाही. 'हो-नाही' असे नेमके तीन प्रश्न विचारून तुम्ही उत्तरापर्यंत पोचता. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. म्हणजे तीन बिट.

आता समजा तुमची आधीच खात्री आहे की दहापैकी नऊ वेळा तुमचं नेहमीचंच ठिकाण चांगलं निघतं आणि उरलेली एक शक्यता बाकी सात ठिकाणांत सारखी वाटली गेलीय. हिशेब केला तर अनिश्चितता जेमतेम पाऊण बिट उरते. पूर्वीचा अंदाज पक्का असेल तर नव्या माहितीची भूकच कमी होते. या पूर्वीच्या अंदाजाला आपण 'पूर्वग्रह' म्हणू, पण वाईट अर्थाने नाही. तो पुढे लागणार आहे.

सिम्स म्हणतात, प्रत्येक बिटामागे माणसाला काहीतरी मोजावं लागतं. त्या दराला सूत्रात ग्रीक अक्षर लावतात, लॅम्डा. लॅम्डा मोठा असेल तर माणूस कमी बघतो आणि सवयीने निर्णय घेतो. लॅम्डा लहान असेल तर नीट बघतो. फिलिप मातेयका आणि अ‍ॅलिस्डेर मॅके यांनी 2015 मध्ये दाखवलं की यातून निवडीचं एक नेटकं सूत्र निघतं: एखादा पर्याय निवडला जाण्याची शक्यता थोडी सवयीवर अवलंबून आणि थोडी प्रत्यक्ष फायद्यावर. या दोघांचं वजन लॅम्डा ठरवतो. इतकी साधी गोष्ट इतक्या थोडक्यात बसते, म्हणून हा सिद्धांत आवडतो.

जिथं सिद्धांत बरोबर बसतो

आता ऊस घ्या. शेतकऱ्याला उसाचे पैसे वजनावर मिळतात. साखरेचा उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे निघणारी साखर, दरात धरला जातो खरा. पण तो अख्ख्या कारखान्याचा सरासरी उतारा. तुमच्या रानातला ऊस गोड निघाला काय आणि फिका निघाला काय, दर सगळ्यांना एकच.

मग शेतकरी कशाकडे बघेल? टनेजकडे. को 86032 पेक्षा 265 ही जात लोकांनी आवडीने लावली, कारण ती वजनाला चांगली. कारखाने मात्र तिच्या नावाने कुरकुरत राहिले, कारण ती पक्व व्हायला उशीर लावते आणि उतारा कमी पडतो. 'शेतकऱ्याला साखरेचं काही पडलेलं नाही' असं यावर कुणी म्हणेल. हिशेबी दुर्लक्षाचा सिद्धांत म्हणेल, बरोबरच आहे: ज्या गोष्टीकडे बघून आपल्या पदरात काही पडत नाही, तिच्याकडे बघायचा खर्च माणूस करत नाही. हा अज्ञानाचा प्रश्न नाही, दर ठरवायच्या पद्धतीचा आहे. इथं सिद्धांत शेतकऱ्याची बाजू घेतो, आणि ठामपणे घेतो.

दुसरं उदाहरण नदीचं. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर एकच आकडा विचारतं: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. धरणातला विसर्ग, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, गगनबावड्याचा पाऊस, अलमट्टीची पातळी, एवढं सगळं रोज कोण बघणार? लोक अख्ख्या नदीचे तीन कप्पे करतात: ठीक, सावध, निघा. लक्ष महाग असेल तर माणूस सलग बदलणारी गोष्टसुद्धा मोजक्या कप्प्यांत घालतो, हे या सिद्धांताच्या गणितातूनही निघतं. इथंही तो बरोबर बसला.

पण लॅम्डा ठरवतं कोण?

आता उसाच्याच दराकडे परत येऊ. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी ठरवली होती टनाला 3,400 रुपये, 10.25 टक्के मूळ उताऱ्यावर. त्यावर प्रत्येक 0.1 टक्क्याला टनामागे 33 रुपये 20 पैसे जास्त. समजा एका कारखान्याचा उतारा 12 टक्के आहे. मग दर होतो 3,981 रुपये. तोच उतारा 11.5 टक्के धरला तर 3,815. टनामागे 166 रुपयांचा फरक. पन्नास टन ऊस घातलेल्या माणसाचे 8,300 रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते ती वेगळीच.

म्हणजे या अर्ध्या टक्क्याकडे लक्ष देणं फायद्याचं आहे. पण कसं देणार? उतारा शेतकरी घरी मोजू शकत नाही. त्याला गाळप किती झालं आणि साखर किती निघाली, हे कारखान्याकडूनच कळणार. त्यात रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली की साखर कमी निघते आणि तो फरक हिशेबाने धरावा लागतो. वजन कारखान्याच्या काट्यावर. तोडणी-वाहतुकीचा आकडा कारखान्याचा. या सगळ्याचा ताळा करायला जे बिट लागतात, त्यांचा दर शेतकऱ्याच्या मेंदूने ठरवलेला नाही. तो पावतीवर काय छापलंय आणि काय छापलेलं नाही, यावर ठरतो.

सरकारी निर्णयाने लॅम्डा कसा बदलतो, याचं तर ताजं उदाहरण आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत द्यायला परवानगी दिली. पहिला हप्ता ठरावीक मूळ उताऱ्यावर, उरलेले पैसे हंगाम संपून अंतिम उतारा निघाल्यावर. आधी मागच्या हंगामाचा उतारा धरायचे, म्हणजे ऊस घालतानाच आपला दर किती हे कळू शकत होतं. नव्या पद्धतीत ऊस गेला, गाळप झालं, साखर पोत्यात पडली, तरी शेवटचा दर ठाऊक नाही. ती माहिती मिळायलाच हंगामाचा शेवट उजाडायचा. राजू शेट्टी यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या सगळ्यात शेतकऱ्याची बुद्धी, शिक्षण, चिकाटी यांत काडीचाही फरक पडला नव्हता. तरी त्याच्यासाठी माहितीची किंमत एकदा वर गेली आणि एकदा खाली आली. सूत्रातला लॅम्डा मात्र 'व्यक्तीचा गुणधर्म' म्हणून बसलेला असतो.

बरं, तो व्यक्तीचा म्हटला तरी स्थिर असतो का? 2013 मध्ये सायन्स या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा एक अभ्यास आला. त्यातले एक गट होते तमिळनाडूतले 464 ऊस उत्पादक शेतकरी. तोच शेतकरी, ऊस जाण्याआधी हात आखडलेला असताना आणि पैसे आल्यावर. आधी घेतलेल्या विचारशक्तीच्या चाचण्यांत त्याचे निकाल नंतरच्यापेक्षा कमी आले. या अभ्यासावर आकडेमोडीचे आक्षेपही घेतले गेले, त्यामुळे त्याला शेवटचा शब्द मानू नका. पण तो थोडाफार जरी बरोबर असला, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. हे पैसे थकले की शेतकऱ्याच्या खिशाबरोबर त्याचं लक्षही आखडतं. म्हणजे ज्याने हिशेब नीट तपासायला हवा, त्याची तपासायची ताकद तो हिशेब चुकता करणाऱ्याच्या हातात. माझ्या मते या सिद्धांताच्या चौकटीत न मावणारी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

माहिती दिली, भाव वाढला नाही

'मग माहिती स्वस्त करून टाकू,' असं तुम्ही म्हणाल. महाराष्ट्रात हे करून पाहिलंय. रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा 2007 मध्ये आपल्याकडे सुरू झाली. बाजारभाव, हवामान आणि पिकाचा सल्ला थेट मोबाइलवर, एसएमएसने. मार्सेल फॅफशॉम्प आणि बार्ट मिंटन यांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत तिची रीतसर चाचणी घेतली. काही शेतकऱ्यांना सेवा फुकट दिली, काहींना नाही, आणि दोघांची तुलना केली. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. शेतकरी ती माहिती वापरल्याचं सांगत होते, माल कुठं विकायचा आणि प्रतवारी कशी करायची यात थोडाफार फरकही दिसला. पण मिळालेल्या भावात सरासरी ठळक फरक काही पडला नाही.

याच्या शेजारी केरळ ठेवा. रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 मध्ये दाखवलं की तिथल्या मासेमारांच्या हातात मोबाइल आल्यावर बंदराबंदरांतला भावाचा फरक आटला आणि मासळी फेकून द्यायची वेळ जवळजवळ संपली. मग तिथं फोन चालला, इथं का नाही?

माझं वाचन असं. होडी समुद्रात असते. फोनवर भाव कळला की सुकाणू फिरवून दुसऱ्या बंदराला लावता येते. आपल्याकडे कांद्याचा किंवा टोमॅटोचा भाव दुसऱ्या बाजार समितीत जास्त आहे हे कळून काय करणार, जर टेम्पोचं भाडं परवडत नसेल, माल टिकत नसेल, किंवा अडत्याकडून उचल घेऊन ठेवलेली असेल? माहितीची किंमत तिच्या जोरावर काय करता येतं यावर ठरते, हे सिद्धांतालाही मान्य आहे. पण तो करण्याजोग्या गोष्टींची यादी तयार मिळालीय असं धरून सुरू होतो. आणि धोरण आखणारे त्यातला सोपा भाग उचलतात: अ‍ॅप काढा, एसएमएस पाठवा. एसएमएस स्वस्त आहे, गोदाम महाग.

यादीतच नसलेली गोष्ट

आता पूर. वर म्हटलं तसं लोक नदीचे कप्पे करतात. पण कप्पे कशाच्या आधारावर? पूर्वग्रहाच्या. नदीकाठच्या गावांत एक जिवंत मोजपट्टी होती: 2005 चा पूर. तेव्हा पाणी अमुक पायरीपर्यंत आलं होतं, अमुक देवळाला लागलं होतं. ज्यांच्या घराला तेव्हा पाणी लागलं नव्हतं, त्यांना 43 फुटांचा आकडा कळला तरी 'आपल्यापर्यंत येत नाही' असं वाटणं स्वाभाविक होतं. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या पुढे गेली. 2005 ची खूण पाण्याखाली गेली. जुलै 2021 मध्ये पाणी त्याच्याही वर चढलं.

सिद्धांतात माणसाला सगळ्या शक्यता ठाऊक असतात, फक्त त्यातली कुठली खरी हे कळायला खर्च येतो. आठ मिसळींची यादी हातात आहे, चांगली कुठली एवढंच शोधायचंय. 2019 मध्ये अडचण वेगळी होती. नववं दुकान यादीतच नव्हतं. जी शक्यता मनातच नाही, तिच्याकडे लक्ष द्यायचं की नाही याचा हिशेब कसा करणार?

रेमा हन्ना, मुल्लाइनाथन आणि जोशुआ श्वार्ट्झस्टाइन यांनी 2014 मध्ये इंडोनेशियातल्या समुद्री शेवाळ पिकवणाऱ्यांबद्दल असंच काहीसं दाखवलं. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्यांनी लावायच्या तुकड्याच्या आकाराकडे कधी बघितलंच नव्हतं, कारण त्याने फरक पडतो असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्याच पिकातले आकडे नीट मांडून समोर ठेवल्यावर पद्धत बदलू लागली. माहिती त्यांच्या हातातच होती, तिच्याकडे बघायचं कारण नव्हतं.

म्हणून पुराच्या इशाऱ्यात 'पाणी 45 फूट' हा आकडा पुरत नाही. '50 फुटाला तुमच्या गल्लीत कुठपर्यंत, 56 फुटाला कुठपर्यंत' हे आधी, कोरड्या दिवसांत, भिंतीवर रंगवलेलं हवं. लोक लक्ष देत नाहीत म्हणून चिडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि यात जीव वाचतात.

एकट्याचं लक्ष, सगळ्यांचं लक्ष

शेवटची टीका थोडक्यात. सिद्धांतातला माणूस एकटा असतो. त्याचं डोकं, त्याचे बिट, त्याचा खर्च. आपल्याकडे मात्र लोकांनी लॅम्डा कमी करायचा एक जुना मार्ग शोधून ठेवलाय: एकत्र येणं. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेचं उदाहरण घ्या. साखरेचे भाव, मळी, इथेनॉल, बगॅस, एफआरपीचं सूत्र, हे सगळं प्रत्येक शेतकऱ्याने वाचायची गरज नाही. काही जण वाचतात, भांडतात, आणि शेवटी मैदानातून एकच आकडा बाहेर पडतो: यंदा पहिली उचल इतकी. तो आकडा पटो वा न पटो, पण हजारो लोकांचा अभ्यासाचा खर्च त्यात एकदाच झालेला असतो, आणि त्या आकड्यामागे ऊसतोड रोखायची ताकदही असते. माहिती आणि ती वापरायची ताकद, दोन्ही एकाच ठिकाणी. एसएमएसमध्ये नेमकी ही दुसरी गोष्ट नव्हती.

यातही धोका आहे, हे मान्य. वाचणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो चुकला किंवा फिरला तर सगळेच फसतात. पण तो वेगळा अभ्यास आहे. हिशेबी दुर्लक्षाच्या मूळ सूत्रात त्यासाठी जागाच ठेवलेली नाही.

मग हा सिद्धांत टाकून द्यायचा?

अजिबात नाही. काही जण म्हणतात, लॅम्डा हवा तसा फिरवून यात काहीही बसवता येतं. ते पूर्ण खरं नाही. अँड्र्यू कॅप्लिन आणि मार्क डीन यांनी 2015 मध्ये दाखवलं की या सिद्धांताला चूक ठरवू शकतील अशा कसोट्या लावता येतात. तो तपासता येतो, हे त्याचं मोठं बळ आहे.

माझं म्हणणं एवढंच. 'लक्ष का दिलं नाही?' याला हा सिद्धांत चांगलं उत्तर देतो: कारण परवडत नव्हतं. पण त्यानंतरचे दोन प्रश्न आपण विचारायचे असतात. परवडत नव्हतं ते कुणामुळे? आणि लक्ष दिलं असतं तरी हातात काय होतं? पहिल्याचं उत्तर पावतीत, शासन निर्णयात, थकलेल्या बिलात सापडतं. दुसऱ्याचं गोदामात, रस्त्यात, संघटनेत.

पुढच्या वेळी कुठल्या भाषणात 'शेतकऱ्यांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे' हे वाक्य कानावर आलं, की वक्त्याला एवढंच विचारा: उसाच्या बिलावर त्या हंगामाचं गाळप, निघालेली साखर आणि तोडणी-वाहतुकीचा हिशेब तीन ओळींत छापायला किती खर्च येईल?